प्रेमातली आशा ऐकायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सोलापुरात लग्नाआधीचं आणि नंतरचं समुपदेशन करणाऱ्या आम्हा सर्वांकडून हे पत्र. मनोविश्लेषणातले अवघड लेख आपण मराठीतून ओळ न् ओळ समजावलेत, त्याबद्दल आभार आहेतच. पण सगळ्यात मोठं ऋण एका शिस्तीचं आहे: प्रेमात बुडालेल्या माणसाला ‘तू भ्रमात आहेस’ असं सांगायचं नाही.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड यानं १९१४ मध्ये आदर्शीकरण मांडलं. माणूस आहे तसाच राहतो, प्रेम करणाऱ्याच्या मनात मात्र तो मोठा होत जातो. १९२१ मध्ये त्यानं पुढचं सांगितलं: आपण स्वतः जसं व्हावं असं वाटत होतं, त्या आदर्शाच्या जागी प्रिय व्यक्ती येऊन बसते. म्हणून ‘तो नसेल तर मी कुणीच नाही’ हे नुसतं नाटकी बोलणं नसतं. त्याला त्या जागेवरून एकदम खाली ओढलं, तर बोलणारीचा स्वतःबद्दलचा आदरही ढासळतो. नवा समुपदेशक नेमका इथं दोष दाखवत सुटतो. मग मुलगी पुन्हा येत नाही, किंवा कालचा देव आज राक्षस होतो. मनोविश्लेषक मेलानी क्लाइनच्या भाषेत हे विभाजनच, म्हणजे माणसाला पूर्ण चांगला किंवा पूर्ण वाईट ठरवणं; फक्त बाजू उलटली.

आपण दिलेली वाट संथ आहे. सुरुवातीच्या भेटींत ऐकायचं. मग ‘तो फार समजूतदार आहे’ असं आलं, की प्रसंग मागायचा: कधी वाटलं तसं, काय घडलं होतं? प्रसंग निघाले, तर प्रेमाला खऱ्या माणसाचा आधार आहे. नुसती विशेषणंच येत राहिली, तर ती टिपून ठेवायची आणि सवडीनं विचारायचं, यातलं तुला स्वतःला काय व्हायचं होतं? आम्हाला हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. आशा तिची तिला परत मिळते.

‘लग्नानंतर बदलेल’ या आशेला मात्र तपशील विचारायचा. नेमकं काय बदलायला हवं? आजवर काय बदललं? दर वेळी उत्तर ‘बघू’ असेल, तर ती आशा दुःख पुढं ढकलते आहे. मारहाण असेल तर हे सगळं बाजूला. आधी सुरक्षितता, १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आणि घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालचा संरक्षण अधिकारी.

सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळा आपण समजावलात, तो कुणीच विसरणार नाही. कुंभारकन्येचा विवाह सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी, म्हणजे त्यांच्या हातातल्या काठीशी लागतो. भक्तीत ते पूर्णत्व शोभतं. पण जोडीदाराचाच योगदंड केला, की त्याच्या आजारपणाला, हप्त्यांच्या काळजीला, चिडचिडीला घरात जागा उरत नाही.

आणि खुर्चीच्या आपल्या, म्हणजे समुपदेशकाच्या बाजूचं. ‘तुमच्याइतकं मला कुणी समजून घेत नाही’ हे ऐकून सुखावायचं नाही आणि झिडकारायचंही नाही; फ्रॉइडनं १९१५ मध्ये हेच बजावलं होतं. भेट ५० मिनिटांचीच. रात्रीच्या मेसेजवर चर्चा पुढच्या भेटीत. सुट्टी आधी सांगायची, आणि सुट्टीनंतर राग आला तर त्याला बोलू द्यायचं. मनोविश्लेषक विनिकॉट म्हणतो तसा, पेलेल इतकाच आणि हळूहळू होणारा भ्रमनिरास तिथंच घडतो.

पुढच्या वर्गात १९२१ च्या लेखनातलं प्रेम आणि संमोहनाचं प्रकरण पुन्हा घेणार आहोत. संमोहनाचा भाग आपल्याकडूनच ऐकायचा आहे. अवश्य यावं.

आपले कृतज्ञ,
अभ्यासवर्गातील सर्व समुपदेशक, सोलापूर