पुस्कास अन् तुझा गुडघा

सोनू,

फोनवर बोललो की तूही चिडते अन् मीही चिडतो, म्हणून लिहूनच पाठवून रायलो, लांब झालं तरी पूर्ण वाचजो.

परवा तू म्हणला की मस्कतच्या शाळेत पोट्टे खेळवायले जाणं म्हणजे खेळाडू संपला. मले ते लागलं. काल मोटरीची लाईन रात्री साडेबाराले आली, संत्र्याले पाणी सोडून बांधावर बसलो अन् मोबाईलवर त्या फुटबॉलवाल्या पुस्कासचं ऐकत होतो. हंगेरीचा माणूस, देशासाठी ८५ मॅच अन् ८४ गोल, साऱ्याईले त्याच्या डाव्या पायाचं कौतुक. १९५६ ले बुडापेस्टमधी रशियाचे रणगाडे घुसले, याची टीम परदेशात खेळायले गेलेली, तो वापस गेलाच नाई. वरून खेळायले बंदी, पोट सुटलं, वय ३१. अशा माणसाले रिअल माद्रिदनं घेतलं, अन् १९६० च्या युरोपियन कप फायनलले त्यानं एकट्यानं ४ गोल मारले, ७-३ नं जिंकले.

मंग कोच झाला. ग्रीसच्या पनाथिनायकोसले १९७१ च्या फायनलपर्यंत नेलं, तिथी हॉलंडच्या आयाक्स क्लबनं २-० हरवलं. मंग देशोदेशी फिरत फिरत १९८९ ले मेलबर्नच्या एका ग्रीक लोकायच्या क्लबात गेला. इंग्रजी येईना बिचाऱ्याले, पण ग्रीक येत होती, म्हणून टीमचा कॅप्टन पोस्टेकोग्लू त्याले गाडीत घेऊन फिरे अन् त्याचं बोलणं पोट्ट्याईले समजावून सांगे. हा कॅप्टनही पाच वर्षांचा असताना ग्रीसहून मायबापासोबत बोटीनं आलेला. मले तर हा गाडीचा किस्सा त्या ४ गोलांपेक्षा भारी वाटला, दोघंही परके अन् फुटबॉलवर गप्पा ठोकून रायले.

त्या कॅप्टनचा गुडघा २७ व्या वर्षी गेला, लेका. त्यानंच कोच होऊन २०२५ ले लंडनच्या टॉटनहॅम क्लबले १७ वर्षांनी कप जिंकून देल्ला (अन् पंधरा-सोळा दिवसात त्याले काढूनही टाकलं, कोचची नोकरी अशीच राहते, ते मी लपवत नाई).

तुझ्या गुडघ्याचं मले माहीत हाय. कापसाचे पैसे अडकले अन् ऑपरेशन आठ महिने लांबलं, ते माह्याच्यानं झालं. तू कधी बोलला नाई, पण तुही माय बोलते.

शेजारचा तो बारका आठवते? तू त्याले उजव्या पायात चप्पल अन् डाव्यात बूट घालून महिनाभर खेळवलं, डाव्यानं मारायची सवय लागावी म्हणून, अन् मी हासलो होतो. आता झेडपी शाळेच्या मैदानावर सारे त्याच्या डाव्या पायाले भेतात. तुझाच जुना बूट घालते, पुढं चिंध्या कोंबून. काल इचारत होता, दादा कवा येते.

मस्कतवाल्याईले गुरुवारपर्यंत कळवायचं हाय ना? पासपोर्ट कपाटात खालच्या कप्प्यात हाय, मायच्या लुगड्याखाली.

बाबा