बर्ये साल्मिंगवर लेख छापा

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या स्पोर्ट्स पेजवर आइस हॉकी कधी दिसतच नाही म्हणून लिहितोय. स्वीडनच्या पार उत्तरेचा, किरुनाच्या खाणपट्ट्यातला बर्ये साल्मिंग १९७३ ला कॅनडातल्या टोरंटोच्या टीमकडून खेळायला गेला, तेव्हा स्वीडिश प्लेअर म्हणजे भित्रे असं तिकडे सर्रास बोलायचे, आणि हा डिफेन्समन सुसाट येणारा पक (आइस हॉकीतली कडक रबरी चकती) स्वतःच्या अंगावर घेत १६ सीझन तिथेच खेळला. १९८६ मध्ये स्केटचं पातं लागून चेहरा फाटला, २०० च्या वर टाके पडले, तरी परत उतरलाच! २०२२ च्या नोव्हेंबरात एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजारानं बोलणं बंद झालेलं असताना टोरंटोच्या रिंकवर आला, सगळं पब्लिक उभं राहिलं, शेजारी जुना कॅप्टन सिटलर रडत होता. दोन आठवड्यांत गेला बिचारा. रविवारच्या पुरवणीत याच्यावर सविस्तर लेख येऊ द्या ना, प्लीज.

तुमचा नेहमीचा वाचक, ठाणे