दादा घरी आला

चोपडा तालुका,
१४ ऑक्टोबर

प्रिय प्रकाश,

तुझे चार फोन आले आणि एकही मी धड घेतला नाही. रागावू नकोस, बोलायला गेलो की घसा भरून यायचा. दादा घरी आलाय, हे आधी सांगतो. आता बाकीचं.

पंधरा दिवस तो सातपुड्याच्या पायथ्याच्या वावरात मका राखत होता. डुकरं फार झालीत, म्हणून रात्री मचाणावरच झोपायचा, मच्छरदाणी घरी पडून. परतला तो हुडहुडी भरूनच. जवळच्या दवाखान्यात रक्त न तपासता तीन दिवस इंजेक्शन आणि सलाईनची बाटली. खरं सांगायचं तर बाटलीचा हट्ट आमचाच होता. चौथ्या दिवशी डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. छातीवर हात ठेवून म्हणाला, "मना जीव घाबरस रे." तापीचा पूल ओलांडेपर्यंत मी त्याचा हात सोडला नाही.

जळगावला बोटातलं थेंबभर रक्त घेतलं आणि वीस मिनिटांत कळलं, फाल्सिपेरम मलेरिया, म्हणजे मलेरियातला सगळ्यात घातक प्रकार. नाडी १४०, वरचं बीपी ८०, हिमोग्लोबिन ६. त्यावरचं औषध आर्टेसुनेट, त्याचं इंजेक्शन लगेच शिरेतून दिलं, मग १२ तासांनी आणि २४ तासांनी. रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं निघालं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली होती. मलेरिया हृदयापर्यंत जातो हे मला ठाऊकच नव्हतं, प्रकाश. मेंदूत गेला एवढंच आपण ऐकलेलं.

त्या रात्री मी डॉक्टरीणबाईंवर ओरडलो. बीपी एवढं खाली आणि सलाईन थेंब थेंब! त्यांनी आवाज चढवला नाही. दादाला उताणं झोपवत नव्हतं, धाप लागत होती, ते दाखवून म्हणाल्या, "फुफ्फुसात पाणी उतरायला लागलंय. अजून ओतलं तर बुडतील ते."

पहाटे त्यांनीच समजावलं. जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी चिकट होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसतात. मेंदूत, किडनीत, हृदयातही. पुढे रक्त पोचत नाही. त्यात पेशी फुटून रक्त कमी झालेलं, म्हणून तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदय दुप्पट धावतं. बहुतेकांचं हृदय हे सोसतं, थोड्यांच्याच स्नायूला सूज येते. पण रक्तवाहिन्या झिरपू लागलेल्या असतात, त्यामुळे भराभर दिलेलं पाणी फुफ्फुसात साठतं. पूर्व आफ्रिकेतल्या ३,१४१ आजारी मुलांचा अभ्यास २०११ साली आला, त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांना मलेरिया होता. सलाईन भराभर दिलेल्यांत ४८ तासांत शंभरातली दहाच्या वर गेली, न दिलेल्यांत सातेक. मुलं आणि मोठी माणसं सारखी नसतात, हेही त्यांनी सांगितलं. पण मला ऐकताना दादाच्या त्या तीन बाटल्याच दिसत होत्या.

रक्तही सावकाशच चढवलं. ईसीजी रोज व्हायचा. क्विनाईनसारख्या मलेरियाच्या औषधांनी ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून आधी कुठली गोळी दिली होती ते दोनदा विचारलं. पाचव्या दिवशी तो उताणा झोपला. मी बाहेर जाऊन रडलो.

घरी सोडताना इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, हृदयाचं पंपिंग थोडं कमी आहे, पण सुधारेल म्हणाल्या. महिनाभर दर आठवड्याला रक्त तपासायचं आहे, कारण आर्टेसुनेटनंतर काहींच्या पेशी उशिराही फुटतात. वावरात जायला बंदी. कापूस वेचणीला आलाय, पण वहिनी आणि मी बघू.

तुझ्या आईला परवा कणकण होती. मी त्याच दिवशी आशाताईंना बोलावून तपासलं, मलेरिया नाही, काळजी करू नकोस. सुरतेत तुझ्या खोलीवर सहा पोरं आहेत, कारखान्यामागे पाणी साचतं असं तूच म्हणाला होतास. कुणाला थंडी वाजून ताप आला तर आधी रक्त, मग बाकी सगळं. एवढं माझ्यासाठी कर.

काल दादा ओट्यावर बसून कळण्याची अर्धी भाकरी खाल्ला. जिना चढला की अजून थांबतो. तू दिवाळीला कधी येतोस, हे दोनदा विचारलंय त्याने.

तुझा,
भरत