ॲडमिशननंतरचं पण छापा की कधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेले दोन महिने तुमच्या पेपरात रोज इंजिनिअरिंग आहे. ॲडमिशनचा कॅप राउंड कधी, कटऑफ किती, कॉम्प्युटरला किती गर्दी, सीईटी सेलने तारीख परत पुढे ढकलली. पालकांना लागतंच ते, आमच्या शेजारच्या काकू तर कात्रणं कापून फाइल करून ठेवतात. पण शेवटचा राउंड झाला की तुमचं इंजिनिअरिंग जे गायब होतं ते थेट पॅकेजच्या बातमीलाच परत उगवतं. मधल्या चार वर्षांत पोरगं कुठं अडकलं, कुणाला विचारतंय, यावर एक ओळ नसते. म्हणून लिहायला बसलो. लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त मधे एका पोराचं लिहिलंय तेवढं ठेवा.

मी पुण्यातल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर डिपार्टमेंटला शिकवतो, १७ वर्षं झाली. शिकवण्याशिवाय मी जीएफएम पण आहे. जीएफएम म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर, काही ठिकाणी टीचर गार्डियन म्हणतात, कागदावर मेंटर. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, हिशोबाने वीस पोरांमागे एक मास्तर पाहिजे, तोच हिशोब धरून प्रत्येक मास्तराच्या नावावर वीस-पंचवीस पोरं लावून दिलेली असतात. आता ही पालकत्वाची ड्युटी प्रत्यक्षात काय असते तर अटेंडन्स ७५ टक्क्यांच्या खाली गेलेल्यांची लिस्ट काढायची आणि घरी फोन लावायचे. त्यात पण गंमत असते, फॉर्मवर वडलांचा नंबर म्हणून रूम पार्टनरचा नंबर दिलेला असतो. मी एकदा फोन लावला तर पलीकडून एकोणीस वर्षांचा आवाज घोगरा करून म्हणतो, "हां बोला सर, मी त्याचा बाबा बोलतोय, मी चांगला झापतो त्याला." मागे कँटीनच्या भांड्यांचा आवाज. मी म्हटलं बरं बाबा, झापा, आणि झापून झाल्यावर दोघंही केबिनला या.

फोन सोडले तर दुसरं काम म्हणजे मेंटर बुकलेट. प्रत्येक पोराचं एक पान, त्यात तारीख, अडचण, दिलेला सल्ला, शेरा, दोघांच्या सह्या. नॅक येणार, एनबीए येणार, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या कमिट्या, त्यांना मेंटरिंगचा पुरावा लागतो. कमिटी यायच्या आधीच्या आठवड्यात अख्खं डिपार्टमेंट रात्री साडेनऊपर्यंत बसून ही बुकलेटं भरतं, समोसे येतात, चहा येतो, आणि ज्याला अनुभव आहे तो नवीन मास्तरला सांगतो की तीन पेनं घे, निळं, काळं आणि जरा फिकट निळं, म्हणजे वर्षभर वेगवेगळ्या दिवशी भरल्यासारखं दिसतं. मला हे सांगणारे सर रिटायर झाले. मी पुढे किती जणांना सांगितलं ते मोजलं नाही.

आता त्या पोराचं. नाव सांगत नाही. धाराशिवकडचा, वडलांची चार एकर कोरडवाहू, बारावीला गणितात बरे मार्क. एफईला, म्हणजे फर्स्ट इयरला, एम वन आणि एम टू, म्हणजे गणिताचे दोन पेपर, दोन्ही राहिले. इथं बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून नियम सांगतो, आपल्या पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नचा, म्हणजे २०१९ च्या अभ्यासक्रमाचा. विषय पास झाला की त्याचे क्रेडिट मिळतात, एफईचे निम्मे क्रेडिट मिळाले की एटीकेटीवर एसईला, म्हणजे सेकंड इयरला, जाता येतं, राहिलेले विषय मागे ओढत. पण एसईतून टीईला, म्हणजे थर्ड इयरला, जायचं तर एसईचे निम्मे क्रेडिट पाहिजेत आणि एफई पूर्ण क्लिअर पाहिजे, एक विषयसुद्धा शिल्लक चालत नाही. तसंच पुढे टीईतून बीईला, शेवटच्या वर्षाला, जाताना एसई पूर्ण क्लिअर. नसेल तर वायडी, वर्ष गेलं, बसा घरी.

तर हे पोरगं एसईला आलं आणि तिसऱ्या सेमला अजून दोन गेले, डिस्क्रीट मॅथ्स आणि ऊप्स, म्हणजे प्रोग्रामिंगचा पेपर. एकूण चार बॅकलॉग, वर चौथ्या सेमचे पाच चालू विषय, म्हणजे उन्हाळ्याच्या परीक्षेला नऊ पेपर. त्याने काय केलं तर डिस्क्रीट आणि ऊप्स ताजं आहे, डोक्यात आहे म्हणून आधी तेच धरलं, महिनाभर रात्री दोन-दोनपर्यंत तेच, आणि काढले, दोन्ही चांगल्या मार्कांनी काढले. एम वन पण कसाबसा निघाला. एम टू राहिला. वायडी.

डिस्क्रीट आणि ऊप्स त्याने त्या वेळी हातात घेतले नसते तरी काही बिघडत नव्हतं, एसईचे निम्मे क्रेडिट त्याच्याकडे तसेही होत होते, ते दोन विषय टीईला बसून वर्षभरात कधीही काढता आले असते. त्या उन्हाळ्यात त्याला पाहिजे होते ते फक्त एम वन आणि एम टू. एवढा हिशोब एका कोऱ्या कागदावर पाच मिनिटांत होतो, आणि तो करून द्यायला त्याच्या नावावर एक माणूस नेमलेला होता. तो माणूस मी.

रिझल्ट लागल्यावर मी त्याचं पान काढून बघितलं. फेब्रुवारीची एंट्री. अडचण: नाही. दिलेला सल्ला: नियमित अभ्यास करावा. शेरा: समाधानकारक. खाली त्याची वळणदार सही आणि माझी. फिकट निळ्या पेनाची होती.

तो केबिनला आला तेव्हा रडला वगैरे नाही. एवढंच म्हणाला, "सर, मला वाटलं जे येतंय ते आधी काढायचं असतं." मी म्हटलं, अरे मग विचारायचं ना. तर म्हणतो, "आलो होतो सर दोनदा, तुम्ही फाइलींच्या गडबडीत होता." घरी त्याने दिवाळीपर्यंत सांगितलंच नाही, रूमवर राहून फूड डिलिव्हरी केली. हिवाळी परीक्षेला एम टू निघाला, ५८ मार्क. बाकी काही अंगावर नसताना ५८!

तर माझं म्हणणं एवढंच आहे की मेंटरिंग म्हणजे पोराला धीर देणं, मोटिव्हेट करणं, हे जे आपण धरून बसलोय ना ते नंतरचं झालं. आधी त्याची मार्कशीट समोर घेऊन पुढच्या दोन परीक्षांचा हिशोब लावून द्यायला पाहिजे. काय आधी काढायचं, काय मागे ठेवलं तर चालतं, कुठल्या तारखेच्या आत काय भरायचं. हुशार पोराला पण हे आपोआप कळत नाही आणि घरच्यांना तर कुठून कळणार, ज्या घरातला पहिलाच मुलगा इंजिनिअरिंगला आलाय तिथं क्रेडिट म्हणजे काय हे विचारायला तरी कोण असतं.

आणि अशा गोष्टी एक नाही ढीगभर आहेत. रिझल्ट लागला, दोन-तीन मार्कांनी गेला, तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायची आणि ती बघून मग रिव्हॅल, म्हणजे फेरतपासणी, टाकायचं, त्याला मोजके दिवस असतात, पोरगं गावाला असतं आणि परत येईपर्यंत लिंक बंद. किंवा डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला येणारी पोरं घ्या. वर्कशॉपला, ड्रॉइंगला, सर्किट जोडायला बाकीच्यांपेक्षा सरस असतात, पण त्यांनी एम वन, एम टू केलेलंच नसतं, त्यांची ॲडमिशन उशिरा होते, ती येईपर्यंत सेमिस्टर अर्धं सरलेलं, इनसेम, म्हणजे सेमच्या मधली परीक्षा, तोंडावर, आणि मग एम थ्रीचं गणित समोर आलं की सगळा वर्ग मान डोलावतोय आणि आपल्यालाच कळत नाहीये म्हणून गप्प. डिप्लोमाला ८५ टक्के असलेली पोरगी मला म्हणाली होती, "सर, मी एवढी ढ कधी झाले?" ती ढ नव्हती, मधल्या वर्षाचं गणित तिला कुणी दिलंच नव्हतं. दोन सीनियर पोरांना सांगून रविवारचे सहा क्लास करून घेतले, सुटली.

टीईला आल्यावर वेगळीच धांदल. एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीच्या मास्तरांचा ऑनलाइन, बारा आठवड्यांचा कोर्स जोशात घेतात, असाइनमेंट भरतात, पण परीक्षेचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं आणि त्याची १००० रुपये फी असते हे शेवटच्या दिवशी कळतं. गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा, थर्ड इयरला असताना पण देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो हे किती जणांना माहीत असतं विचारून बघा. प्लेसमेंटचं तर बोलायलाच नको, कंपन्या लाइव्ह बॅकलॉग, म्हणजे अजून न सुटलेला विषय, नको म्हणतात, दहावीपासून सगळीकडे ६० टक्के मागतात, हे पोरांना सातव्या सेमला कळतं, जेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. त्यात आता नवीन शैक्षणिक धोरणाने मल्टिडिसिप्लिनरी मायनर, ओपन इलेक्टिव्ह, ऑनर्स, क्रेडिट बँक असं सगळं आणलंय. चांगलंय, पोराला निवडता येतं. पण पोरं निवडतात कशी तर मित्राने जे घेतलं ते, नाहीतर ज्या सरांचा पेपर सोपा असतो ते.

आता तुम्ही म्हणाल मास्तर लोक करतात काय मग. करायचं असतं हो, वेळ कुठला? असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तासांचं टीचिंग लोड, ते ठीक आहे, पण त्याच्या वर अटेंडन्सच्या शीट, कोर्स फाइल, पोरं किती शिकली ते मोजायचे सीओ-पीओ ॲटेनमेंटचे एक्सेल, आणि उन्हाळ्यात ज्युनिअर कॉलेजांच्या दारात उभं राहून आमच्या कॉलेजची पत्रकं वाटायची. मी वाटलीत. डोक्यावर रुमाल बांधून. चांगल्या चालणाऱ्या कॉलेजांना ब्रँचच्या सीटवरची वरची मर्यादा एआयसीटीईने २०२४-२५ पासून काढली, मग कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या, मेकॅनिकलचे सर कॉम्प्युटरच्या पोरांचे जीएफएम झाले, त्यांना बिचाऱ्यांना आमचे विषयच माहीत नाहीत तर कुठला आधी काढ हे कसं सांगणार. टाइमटेबलात मेंटरिंगचा तास असतो बरं का, नाही असं नाही. शनिवारी शेवटचा. त्या तासाला निम्मी पोरं स्वारगेटला एसटीच्या लायनीत असतात.

एआयसीटीईने फर्स्ट इयरसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम सांगितलाय, पोरं एकमेकांना, मास्तरांना, गावाला रुळावीत म्हणून. कल्पना खरंच चांगली आहे. आमच्याकडे तो तीन दिवसांत होतो, पहिल्या दिवशी चेअरमन साहेबांचं भाषण, दुसऱ्या दिवशी मोटिव्हेशनल स्पीकर, तिसऱ्या दिवशी वृक्षारोपण, आणि पुढच्या राउंडला आलेल्या पोरांना त्यातलं काहीच नाही, ती थेट युनिट टूला येऊन बसतात.

२०२५ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात शिक्षणसंस्थांना सूचना दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर पाहिजे, आणि छोट्या छोट्या गटांना नेमून दिलेले मेंटर पाहिजेत, विशेषतः परीक्षेच्या काळात आणि एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात जाताना. मी ते वाचलं आणि पहिला विचार काय आला सांगू? की आता बुकलेटमध्ये अजून एक कॉलम वाढणार. काउन्सेलरचं नाव आमच्या बोर्डवर आहे, मॅडम आठवड्यातून एक दिवस येतात, चांगल्या आहेत, पण वायडी लागलेलं पोरगं त्यांच्याकडे गेलं तर त्या त्याचं ऐकून घेतील, एम टू त्या काढून देऊ शकत नाहीत. ते आधीच बघायला पाहिजे होतं.

त्या पोरानंतर मी एक करतो, त्यात काही मोठं नाही. रिझल्ट लागला की आठ दिवसांत ज्यांचे विषय राहिलेत तेवढ्यांनाच बोलावतो, कँटीनला, केबिनला नाही, केबिनला आलं की पोरं "हो सर" शिवाय काही बोलत नाहीत. एक ए फोर कागद, मधे उभी रेघ. डावीकडे पुढच्या वर्षाला जायला जे लागतंच ते, उजवीकडे जे थांबू शकतं ते. खाली तारखा, एक्झाम फॉर्मची, लेट फीची, फोटोकॉपीची. कागद पोराकडेच राहतो, मी मोबाइलवर फोटो काढून ठेवतो. एका पोराला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मागच्या बॅचला माझ्या २३ पैकी नऊ जणांचे विषय राहिले होते, म्हणजे माझे तीन तास गेले. तीन तास! बुकलेटला याच्या चौपट जातात. या नऊमधल्या दोघांना तरीही वायडी लागला, ते पण सांगतो, एक जण तर ठरलेल्या पेपरला झोपूनच राहिला, त्याला काय करणार.

मॅनेजमेंटकडे मागणं फार नाही. तो शनिवारचा तास मंगळवार-बुधवारी जेवणाच्या सुट्टीला लागून द्या, जीएफएम शक्यतो त्याच ब्रँचचा द्या, आणि बुकलेटऐवजी हा कागदच पुरावा म्हणून धरा. हे मी मीटिंगमध्ये बोललो आहे. मिनिट्समध्ये "चर्चा झाली" असं आलं.

आणि तुमच्याकडे एक मागणं. विद्यापीठाचा रिझल्ट लागतो त्या आठवड्यात कटऑफच्या कोष्टकाएवढीच जागा द्या आणि त्यात साध्या मराठीत छापा की कुठल्या वर्षातून कुठल्या वर्षात जायला काय काय क्लिअर लागतं, फोटोकॉपी आणि रिव्हॅलची मुदत कधीपर्यंत, वायडी लागला आणि मधेच पॅटर्न बदलला तर जुन्या विषयाला नवा कुठला धरतात. आत्ता २०२४ पॅटर्न पुढे पुढे सरकतोय तर यावर पोरांचा जाम गोंधळ आहे. धाराशिवकडच्या त्या वडलांकडे पेपर येतो, विद्यापीठाची वेबसाइट नाही येत.

नाव छापू नका, कॉलेजचं तर मी लिहिलेलंच नाही. या शनिवारी शेवटच्या तासाला सहा पोरांना मार्कशीट घेऊन कँटीनला बोलावलंय, बघू एसटी पकडायच्या आधी किती येतात.

आपला,
एक जीएफएम, पुणे