कावळा कोणता आणि रेव्हन कोणता

इसाक्वा, वॉशिंग्टन

प्रिय सुमे,

ऑक्टोबरात लेकीकडे राहायला येतेस हे वाचून मला काही सुचेनासं झालंय. बॉथेल म्हणजे माझ्या घरापासून गाडीने अर्धा तास. थंडी, कोट, औषधं यांचं लेक सांगेलच. फोटोतला काळा पक्षी कोणता, या तुझ्या एकाच प्रश्नाचं मी उत्तर देते, कारण तो तू विचारलास याचाच मला फार आनंद झाला.

फोटोतला तो भला थोरला काळा पक्षी आपला डोमकावळा नव्हे. डोमकावळ्याचीही चोच दणकट असते, पण हा त्याच्याहून मोठा. याला इथे रेव्हन म्हणतात. बाजूच्या खांबावर बसलेत ते अमेरिकन कावळे. आपल्या गावकावळ्यासारखी राखाडी मान त्यांना नसते, चोचीपासून नखांपर्यंत सगळे काळे. त्यामुळे नव्या माणसाला दोन्ही सारखेच वाटतात.

पुस्तकं आधी आकार सांगतात. कावळा साधारण अर्ध्या किलोचा, रेव्हन सव्वा किलोच्या आसपास. पण आभाळात एकटाच पक्षी असेल तर त्याला मोजणार कशाशी? तू शेपटी बघ. वळताना ती उलगडते. कावळ्याची शेपटी टोकाला गोलसर असते. रेव्हनची मधली पिसं लांब, म्हणून त्याची शेपटी पाचरीसारखी निमुळती दिसते. मग उडणं बघ. कावळा सारखे पंख मारत सरळ आपल्या कामाला जातो. रेव्हन पंख पसरून वाऱ्यावर तरंगत राहतो आणि मध्येच गिरकी घेऊन चक्क उताणा होतो, की लगेच पुन्हा सरळ. टायगर माउंटनच्या उतारावर वारा असला की त्यांची जोडी हे करताना दिसते, आणि ती मजेखातरच करते असं माझं ठाम मत आहे. बसलेला रेव्हन असेल तर त्याच्या गळ्याखालची लांब, विस्कटलेली पिसं बघ. आवाज तर स्वयंपाकघरातूनही कळतो. कावळ्याचं काव काव वरच्या पट्टीतलं, रेव्हनचं घशाच्या तळातून आलेलं घोगरं क्रॉर्र. अगदी डोक्यावरून गेला तर त्याच्या पंखांची सळसळसुद्धा ऐकू येते.

इथून उत्तरेला, अलास्काकडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या हायडा आणि ट्लिंगिट या मूळ रहिवाशांच्या कथांमध्ये, पेटीत कोंडलेला उजेड चोरून जगाला देणारा तो हाच रेव्हन.

दोघांची तुलना करायला सगळ्यात चांगला काळ वसंताचा. रेव्हन कावळ्यांच्या घरट्यातली अंडी-पिल्लं पळवतो, म्हणून तो दिसला रे दिसला की कावळे आरडाओरडा करत त्याच्या मागे लागतात. पुढे पळणारा थोराड तो रेव्हन, पाठीवर झेपावणारे छोटे ते कावळे. लोकांनी नोंदवलेल्या अशा दोन हजारांहून अधिक झटापटी 2018 साली संशोधकांनी तपासल्या, तर शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा हल्ला कावळ्यांचा होता. अंगापिंडाने दुप्पट असलेल्यालाही ते एकजुटीने पिटाळतात, हे मला विलक्षण आवडतं.

एकजूट म्हणजे काय ते माझ्या अंगणात रोज दिसतं. मागच्या वर्षीची पोरं आईबापांना सोडून लगेच जात नाहीत, नव्या भावंडांना भरवायला मदत करतात. जूनमध्ये निळ्या डोळ्यांची, चोचीच्या आतून गुलाबी असलेली पिल्लं गवतावर बावरून बसलेली असतात. ती जखमी नसतात, उडायला शिकत असतात. त्यांना उचलायचं नाही. लांबून बघायचं, नाहीतर आईबाप डोक्यावर झेप घेतात. मी कठड्यावर सालासकट, बिनमिठाच्या शेंगा ठेवते. कावळा दोन-तीन घशात कोंबतो, एक गवतात खुपसतो, वर पान ओढतो आणि कोणी पाहिलं का म्हणून आजूबाजूला बघतो. पाहिलं असं वाटलं तर उकरून दुसरीकडे लपवतो. कडक पाव मिळाला तर पाण्याच्या भांड्यात बुडवून मऊ करून खातो. माझ्या गॅलरीचा एक कठडा त्यांच्यासाठी मी राखूनच ठेवलाय.

आणि ते माणूस ओळखतात. 2006 साली सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पक्षी-संशोधक जॉन मार्झलफ यांनी गुहेत राहणाऱ्या आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, पायात कडी घालून सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा दिसला की कावळे कालवा करू लागले, आणि पुढच्या वर्षांत कधीही न पकडले गेलेलेही त्यांना सामील झाले. सुमे, पितृपक्षात आपण पान वाढून ताटकळत उभ्या राहायचो, काकांनी काव काव करून घसा कोरडा केला तरी कावळा फांदीवरून हलायचा नाही. तो आपल्याला निरखतोय, हे तेव्हा कुणाच्या मनातच आलं नाही. त्याला बोलवायचं तर वर्षभर ओळख ठेवायला हवी, असं मला आता अगदी मनापासून वाटतं.

तुझं नशीब थोर आहे, कारण लेकीचं घर बॉथेलला. तिथल्या विद्यापीठाच्या आवारातल्या पाणथळीवर थंडीत कावळे रात्रीच्या मुक्कामाला येतात, ऐन हंगामात सोळा हजारांपर्यंत. चारी दिशांनी रांगा लागतात, आधी छपरांवर आणि मैदानात जमतात, भांडतात, आणि अंधार पडता पडता सगळे झाडांत उतरतात. डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून आपण जेवण आटोपून तीनला निघू. दुर्बीण माझ्याकडे आहे. तू मात्र छत्री बॅगेत वरच ठेव. पावसासाठी लागेलच, पण त्या झाडांखाली उभं राहायचं तर पाऊस नसतानाही लागेल.

तुझी,
वसू