फुकुओकातल्या ताईंचे जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

जपानमधल्या फुकुओका शहरातल्या मराठी मंडळींपैकी कुणीतरी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचवेलच. नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, तुम्हाला ते आवडलं नसतं.

रामेन (रश्शातल्या जपानी शेवया) खाऊ घातल्याबद्दल हे आभार नाहीत. पैसे आम्ही दारातल्या तिकिटाच्या यंत्रात आपापलेच टाकले होते. आभार आहेत ते तुम्ही आत शिरण्याआधी सगळं स्पष्ट सांगितलंत त्याबद्दल. "तोंकोत्सु म्हणजे डुकराची हाडं, इथला रस्सा त्यांचाच. कुणाला चालत नसेल तर आत्ताच बोला, भीड नको." आमच्यातल्या दोघा शाकाहारींची समजूत अशी की मिसो (सोयाबीनची आंबवलेली चटणी) किंवा शोयू (सोया सॉस) लिहिलंय म्हणजे सोयाबीनचंच असणार. ते फक्त चवीपुरतं, मूळ रस्सा हाडांचा नाहीतर माशांचा असू शकतो, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. "तुकडे बाजूला काढून खा की" म्हणणारे यजमान मी पुष्कळ पाहिलेत. तुम्ही त्या दोघांना थालीपिठांचा डबा दिलात.

मी कोल्हापूरचा. रस्सा पांढरा होतो तो नारळाचं दूध, खसखस, काजू यांनी, एवढंच ठाऊक. इथला पांढरेपणा मात्र हाडांचाच! मोठ्या आचेवर तासन्‌तास खळाखळा उकळत ठेवली की चरबी आणि हाडांतला चिकट अंश पाण्यात मिसळून रस्सा दुधासारखा दिसतो, हे तुम्ही रांगेत उभं असताना सांगितलंत. वास उग्र होता, खोटं कशाला बोलू. पण पहिल्या घोटानंतर तो आठवलाही नाही.

वाडगा समोर आल्यावर शेवया बघून मी मनात म्हटलं, एवढ्याशाच? तुम्ही ओळखलंत. हाकाता, म्हणजे फुकुओकाचाच एक भाग, तिकडच्या शेवया बारीक, गरम रश्शात पटकन मऊ पडतात, म्हणून आधी बेताच्याच वाढतात. संपल्या की 'काएदामा' म्हणायचं, ताज्या शेवयांची दुसरी खेप त्याच वाडग्यात येते. नागाहामाच्या मासळी बाजारातल्या घाईच्या गिऱ्हाइकांसाठी ही रीत पडली म्हणतात. म्हणूनच तुम्ही बजावलं होतंत, रस्सा आधीच संपवू नका. शेवया किती कडक हव्यात हेही सांगता येतं. माझ्यासाठी तुम्ही 'काता', म्हणजे कडक, सांगितलंत, तेच योग्य होतं. 'बारिकाता', म्हणजे त्याहून कडक, मी शेजाऱ्याच्या वाडग्यातली पाहिली, ती मला कच्चीच वाटली.

लाल आलं, तिखट मोहरीच्या पानांचं लोणचं, लसूण चेपायचा चिमटा, सगळं हाताशी होतं. माझा हात लगेच तिकडे गेला. "आधी नुसता रस्सा चाखा," एवढंच म्हणालात आणि आपल्या वाडग्यात डोकं घातलंत. नंतर एक शब्द नाही. नवख्याला जेवताना कुणी निरखत बसलं की घास उतरत नाही. तुम्ही तर असे भुरके मारलेत की आमचाही संकोच गेला. घरी याच आवाजावर आईची बोलणी खाल्लीत.

थालीपिठं खाणाऱ्या दोघांनी खास नमस्कार कळवायला सांगितलाय, डबा माझ्याकडे राहिलाय. आमच्या कचेरीतली पुढची तुकडी लवकरच तिकडे येतेय, त्यांच्याबरोबर तो पाठवतो. त्यांत तिघं शाकाहारी आहेत. तुमचा नंबर त्यांना दिला तर चालेल का, तेवढं कळवा.

आपला,
काएदामा दोनदा मागणारा कोल्हापूरकर