ओपनरची मूठ गळ्याशीच का तडकते?

माननीय संपादक,
स. न.

दिवाळीच्या तोंडावर दादर-पार्ल्याच्या प्रदर्शनांत हाताने घडवलेले, लाकडी मुठीचे बाटली-ओपनर दिसतात. वस्तू देखणी असते, पण कालांतराने मूठ तडकते किंवा धातूचा भाग आत गरगर फिरू लागतो, आणि खापर मुंबईच्या हवेवर फुटते. हवेचा वाटा आहेच. पण तो लेथवर (लाकूड फिरवून घडवायच्या यंत्रावर) मूठ कातणाऱ्याने आधी हिशेबात धरायचा असतो.

ओपनर म्हणजे तरफ. झाकणावरचा टेकू आणि कडेखाली अडकणारे ओठ यांत जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर अंतर असते, हात मात्र दहा-बारा सेंटिमीटरवर. वाकवणारा सगळा ताण धातू जिथे लाकडात शिरतो त्या गळ्यावर येतो, आणि नजाकतीपायी लाकूड नेमके तिथेच उतरवले जाते. मुठीत शिरणाऱ्या ८ मिमी आट्यांच्या रॉडसाठी (स्क्रूसारखे पेच असलेल्या धातूच्या कांडीसाठी) ८.५ मिमीचे भोक पाडून गळा १४ मिमीवर आणला, की भोवती पावणेतीन मिमीची भिंत उरते. गळा २२ मिमीचा ठेवा, तीच भिंत पावणेसात होते. गळ्यावर पितळी नळीचा तुकडा कापून त्याची शेंबी, म्हणजे कडे, घट्ट ठोकावी. नाजूकपणा हवाच असेल तर भोक संपते त्याच्या पुढे घ्यावा.

३५ मिमी चौरस आणि १२० मिमी लांबीचा ठोकळा पुरतो. त्यावरच्या लाकडाच्या तंतूंच्या रेषा लांबीला समांतर हव्यात. गळ्याशी तिरप्या निघाल्या तर कितीही जाड ठेवा, तिथून चीर जाणारच. भोक आधी, कातकाम नंतर, हा क्रम बदलू नये. मूठ कातून झाल्यावर ड्रिल मारले की ते सरकते आणि भिंत एका बाजूला पातळ पडते. ५० मिमी खोल भोक पाडून लेथचे फिरते टोक त्याच भोकाच्या तोंडात टेकवावे, म्हणजे बाहेरचा घेर आपसूक भोकाशी जुळतो. टोक मात्र बेताने आवळावे. ते शंकूच्या आकाराचे असते. जास्त दाबले की पाचरीचे काम करते आणि केसाएवढी चीर पाडते, जी पॉलिशखाली दडून पहिल्या वापरात उघडते. पटाशी नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे चालवावी, उलट नेल्यास तंतू उपटतात. हातमोजे आणि सैल बाह्या लेथवर नकोतच.

आता हवा. मुंबईत पावसाळ्यात लाकडातला ओलावा साधारण १६-१७ टक्क्यांवर स्थिरावतो, कोरड्या महिन्यांत ११-१२ वर येतो, एसीच्या खोलीत त्याहून खाली. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, आडवे आकसते. आत रॉड असल्याने आकसायला जागा उरत नाही आणि ते फाटते. म्हणून ठोकळा स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला तोलावा आणि वजन उतरायचे थांबल्यावरच लेथवर चढवावा. जुन्या चाळी पाडताना निघणारे बर्मा साग यासाठी उत्तम, कारण त्याचे वाळणे केव्हाच झालेले असते. फक्त उघड्यावर भिजलेले घेऊ नये, आणि आधी लोहचुंबक फिरवून मोडके खिळे शोधावेत. एक खिळा पटाशीची धार घालवतो.

साग तेलकट असतो. भोक थिनरने पुसल्याशिवाय एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचे चिकटद्रव्य) धरत नाही. रॉडवर कानशीने एक उभी खाच पाडावी, नाहीतर आत कोंडलेली हवा रॉड बाहेर ढकलते. पाच मिनिटांत सुकणारे एपॉक्सी टाळावे; सावकाश सुकणारे वापरून चोवीस तास हात लावू नये.

पॉलिशबाबत आग्रहाने सांगतो. लाखेचे पॉलिश ओपनरवर नको. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणजे सांडलेल्या दारूतही चिकट होते, आणि गार बाटलीच्या पाण्याने पांढरी पडते. १२० पासून ३२० नंबरपर्यंत पॉलिशपेपर मारून, ओल्या फडक्याने तूस उठवून ते पुन्हा घासावे आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकू नयेत. हे तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून, पसरून वाळवाव्यात.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना विनंती, की किमतीच्या चिठ्ठीवर लाकडाचे नाव, ते नवे की जुने आणि पॉलिश कोणते, एवढे लिहिणे सक्तीचे करावे. घेणाऱ्यांनी धातू एका हातात, मूठ दुसऱ्या हातात धरून पिळून पाहावी. किंचितही हलली तर ती परत ठेवावी.

– एक कातारी, लालबाग, मुंबई